झोळी खाली यायला लागली

धुळ्याला बदली झाल्यावर आम्ही ते घर भर मे महिन्यात पाहिलं आणि तिथेच फसलो. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, रिक्षावाला डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसला होता, आणि नानांच्या मागच्या खोलीत पाऊल टाकलं तर अंगाला माठाजवळ बसल्यासारखा गारवा लागला. पंखा नव्हता. लागतही नव्हता.

"धाबं शे," नाना वर बोट करून म्हणाले. "बठ्ठं धुये तपस, तरी आठे गारच राहस."

आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. ह्यांना मान डोलवायची सवयच आहे, सरकारी कचेरीत त्याचाच पगार मिळतो. पण खरं सांगायचं तर मीही डोलावली. आदल्या दिवशी पत्र्याखालच्या इतक्या खोल्या पाहिल्या होत्या की डोकं शिजून निघालं होतं. उन्हाळ्यात घर भाड्याने घेऊ नये, हे शहाणपण मला उशिरा आलं. घर पाहायचं तर श्रावणात पाहावं, डोक्यावर पोतं घेऊन, आणि घरमालकालाही सोबत आत उभं करावं.

ज्यांनी धाब्याचं घर पाहिलं नाही त्यांना सांगते. भिंतींवर आडवे जाड लाकडी सरे, सऱ्यांवर कड्या म्हणजे बारीक वासे, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या नि पाला, आणि त्या सगळ्यावर माती. वरून सपाट. उन्हाळ्यात वर झोपायचं, बिबडे नि कुरडया वाळवायच्या, मिरच्या पसरायच्या. पावसाळ्याआधी त्यावर खारी टाकायची. खारी म्हणजे पांढरी, खारट माती. ती ओली झाली की चोपून बसते आणि पाणी आत येऊ देत नाही, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक घरमालक असतात.

आमचे घरमालक नाना मार्केटात तोलार होते. उभा जन्म दुसऱ्यांचा कापूस, भुईमूग, मिरच्या तोलून रिटायर झालेले. वस्तू हातात घेतली की वजन सांगायचे. मी बाजारातून वांगी आणली की पिशवी माझ्या हातातून घेऊन जरा वर-खाली करायचे आणि म्हणायचे, "भाजीवालीनी तोलमा मारी तुले." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं, आणि हाच त्या माणसाचा सगळ्यात मोठा दोष होता. बरोबर निघणाऱ्या माणसाला कोण काय सांगणार? त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का फार बोलायच्या नाहीत. पुढच्या तीन खोल्यांत ते दोघं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आमच्या दोनपैकी एकीवर धाबं, दुसरी स्वयंपाकाची, तिच्यावर बांबूंवर टाकलेले पत्रे. मागे एवढंसं अंगण.

पहिल्याच वर्षी मृगाच्या आधी खारी टाकायचा सोहळा पाहिला. सोहळाच म्हणते. शहराला लागून असलेल्या त्यांच्या खेड्यातून बैलगाड्या भरून खारी आली, भाऊबंद आले, बाया आल्या. शिडीला माणसं लागली, घमेली खालून वर जायला लागली. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचं जेवण झालं. भाडेकरूंनीही घमेली उचलायची हा अलिखित नियम होता, आणि आमचे हे, ज्यांनी घरात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, तेही शिडीवर उभे राहून घमेली वर देत होते. मी धाब्यावर चढून पाहिलं. चारी बाजूंनी विटांचा कठडा होता, म्हणजे असणार. अक्का नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्या कठड्याला पाठ टेकून बिबडे राखत बसायच्या. मी पाहिलं तेव्हा कठड्याच्या वरच्या विटा तेवढ्या मातीतून डोकावत होत्या. पावसाचं पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची पन्हळसुद्धा दर काही वर्षांनी काढून वर बसवावी लागायची.

"नाना, जुनी माती काढून मग नवी का टाकत नाही?" मी विचारलं.

शिडीवरची घमेली थांबली. भाऊबंदांनी माझ्याकडे पाहिलं. नाना समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "वर गयेल माटी खाले येत नही, बेटा. खालना थर मन्हा आजानी टाकेल शे, त्यावरना बापनी. बापनी टाकेल माटी काढीसन बाहेर फेकू का?"

लोकांचे पूर्वज भिंतीवर फोटोत असतात. नानांचे आमच्या डोक्यावर होते, आणि दर वर्षी त्यांच्यात भर पडत होती.

त्या पावसाळ्यात धाबं गळलं. पुढच्याही पावसाळ्यात गळलं. नळासारखी धार लागली असती तर बरं झालं असतं, तिच्याखाली बादली लावता आली असती. धाबं तसं गळत नाही. पाणी वर एका जागी आत शिरतं, फळ्यांवरून हिंडतं आणि भलतीकडेच तुमच्या मानेवर पडतं. पातेलं लावावं तर ते तिथून सरकतं. भिंत ओली झाली की बटणाला हात लावताना झिणझिण्या यायच्या. ह्यांनी कचेरीतून टेस्टर मागून आणला आणि भिंतीला लावला, तर टेस्टर पेटला. म्हणजे भिंतीत वीज होती, बल्बमध्ये नव्हती. नाना म्हणाले, ओल्या भिंतीले हात लावानाच कशाले? मातीत दडलेले विंचू ओलीला कंटाळून खाली उतरायचे. एक माझ्या पिठाच्या डब्याच्या झाकणावर शेपटी उभारून बसला होता. दीपनगरला माझी बहीण राहायची, वीजकेंद्राच्या कॉलनीत, स्लॅबच्या क्वार्टरमध्ये. तिच्या घरी पाऊस फक्त बाहेर पडायचा. तिला पत्र लिहिताना मी पावसाचा विषय टाळायची.

गळती शोधायची नानांची पद्धत ठरलेली होती. पाऊस चालू असताना ते पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धाब्यावर चढायचे. खाली आमचे हे मुसळ घेऊन उभे. जिथे थेंब पडतो तिथे ह्यांनी मुसळाने छताला ठोकायचं. वरून नाना ओरडायचे, "आठे का?" आणि त्या जागी दणादणा पाय आपटून माती तुडवायचे. तुडवून झालं की विचारायचे, "थांबनं का?" ह्यांनी खालून "थांबलं" म्हणायचं. तेवढ्यात ते पाणी हातभर सरकून दुसरीकडे गळायला लागायचं. की पुन्हा मुसळ, पुन्हा "आठे का?", पुन्हा दणदण. खालून एक ठोकतोय, वरून एक तुडवतोय, आणि मधे ते बिचारं धाबं. सुट्टीच्या दिवशी पाऊस आला की दोघांना कामच मिळायचं. मला तर कधीकधी वाटायचं, ह्यांना ते आवडतं. कचेरीत कोणी ह्यांना असं वरून विचारत नसे.

तिसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला रावेरकडे माहेरी गेले आणि मुलीला घेऊन उन्हाळा संपता संपता परत आले. निघताना आई म्हणाली, "त्या मातीच्या घरात लेकराले कशाले नेती? इथंच राहाय ना दिवाळीपर्यंत." राहिले असते तर फार बरं झालं असतं, पण तेव्हा मला ह्यांची दया आली होती. तीन महिने माणूस स्वतःच्या हाताने भात शिजवून खात होता आणि पत्रात रोज काय शिजलं नाही ते लिहीत होता.

मुलीची झोळी अक्कांनी स्वतः बांधली. आपलं जुनं मऊ लुगडं काढलं, खोलीच्या मधल्या मोठ्या सऱ्याला सुती दोर टाकला, गाठ तीनदा ओढून पाहिली आणि सऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. "मन्हा बठ्ठा लेकरे याच सराले झुलनात," त्या म्हणाल्या. मी त्यांना इतकं लांब वाक्य बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. झोळी जमिनीपासून टीचभर वर राहत होती. मुलगी तिच्यात पडल्या पडल्या झोपली, आणि धुळ्यात आल्यापासून पहिल्यांदाच मला ते घर आपलं वाटलं.

आषाढ लागला, पाऊस सुरू झाला आणि महिनाभरात झोळी जमिनीला टेकायला लागली.

मी दोराला दोष दिला. सुती दोर, ताणला असेल. लुगड्याची गाठ सोडून झोळी वर घेतली. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तिचा तळ फरशीला घासायला लागला. पुन्हा वर घेतली. हे अक्कांनी पाहिलं आणि नानांना सांगितलं. नाना आले, झोळीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"पोर भरनी," ते म्हणाले. "दोरले पेलवत नही. मार्केटमा काटा असाच खाले येस."

झालं. तोलाराने सांगितलं म्हटल्यावर ते खरंच असणार. गल्लीत बातमी झाली की मागच्या बाईंची पोर इतकी भरली की झोळी जमिनीला टेकते. बाया बघायला आल्या. झोळीत डोकावून पाहायच्या, तर आत काडीसारखी पोर, दात येत होते म्हणून चिडचिडी झालेली. पण झोळी टेकलेली त्यांना डोळ्यांनी दिसत होती ना. मग त्या पोरीकडे न बघता झोळीकडे बघून म्हणायच्या, "बरी बाळसेदार शे हो!" अक्कांनी मीठ-मोहरीने नजर काढली. आमच्या ह्यांनी तर कचेरीत सांगितलं. घरी येऊन माझ्यावरच डाफरले की तू उगाच काळजी करतेस, मुलगी तर भरते आहे. मी दोनदा झोळी वर बांधली, आणि दोन्ही वेळा मलाही आतून गुदगुल्या झाल्या, हे नाकारत नाही. आपल्या दुधाचं कौतुक कोणाला नको असतं?

मग मुलीला जुलाब लागले. मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, मागच्या खेपेचं कार्ड पाहिलं आणि माझ्यावर खेकसल्या, "बाई, पोरीला खायला घालता की नाही? वजन उतरलंय."

मी म्हटलं, "नाही हो, ती भरते आहे. झोळी खाली येते आहे."

नर्सबाईंनी वेड्या बाईकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि औषध लिहून दिलं. घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते. पोर हलकी होते आहे आणि झोळी खाली येते आहे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी तिथेच उतरून पोरीला घेऊन पळत सुटले. घरात शिरले, मुलीला ह्यांच्या मांडीवर ठेवलं आणि वर पाहिलं. तीन वर्षांत मी गळती शोधायला शेकडो वेळा वर पाहिलं होतं, पण सऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तो मधोमध खाली वाकला होता. दोराच्या जागी बारीक, लांब भेग होती. स्वयंपाकघराचं दार पंधरवड्यापासून लागत नव्हतं, मी म्हणत होते की ओलीने फुगलंय. ते दार फुगलं नव्हतं. चौकटीवर वरून भार आला होता.

म्हणजे खाली येत होती ती पोर नव्हे, छप्पर येत होतं.

मी तशीच ओट्यावर गेले. नाना सुपारी कातरत बसले होते. मी सांगितलं, सरा वाकलाय, भेग पडलीय, निम्मी माती तरी आजच्या आज खाली काढा. आणि पोरीचं वजन उतरलंय, दवाखान्यात तोललं.

नानांना सऱ्याचं काही वाटलं नाही. त्यांना लागलं ते वजनाचं. "दवाखानाना काटा खोटा शे," ते म्हणाले.

"नाना, काटा मरू द्या. सरा बघा."

"तो सरा सागना शे. मन्हा आजानी टाकेल. तुले काय कयस धाबानं?" सुपारीचं खांड तोंडात टाकून ते पुढे म्हणाले, "भाडेकरूनी खाले पाहीसन राहानं, बेटा. वर पाहानं घरमालकनं काम शे."

"वरचं माझ्या पोरीच्या डोक्यावर पडणार आहे," मी म्हटलं. माझा आवाज गल्लीत गेला असणार, कारण समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. "तुमच्या आज्या-बापाचं ओझं उचलायला ती जन्माला आलेली नाही."

हे मी बोलले आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. आमच्या ह्यांना वाटलं. ते मागून येऊन म्हणाले, "अगं, मोठ्या माणसांशी असं बोलतात का? पाऊस उघडू दे, मी शांतपणे बोलतो." दोन दिवसांनी पाऊस उघडला. हे बोलायला गेले आणि नानांबरोबर चहा पिऊन आले. दुपारी खारीची गाडी दारात उभी राहिली. धाबं गळतंय अशी भाडेकरूची तक्रार आहे म्हणून नानांनी आणखी माती मागवली होती. पातळ भाकर फाटते म्हणून तिच्यावर पुन्हा पुन्हा पीठ थापत जावं, तसं ते चाललं होतं. ह्यांनी मुकाट्याने दोन-चार घमेली वरही दिली. त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही.

मग घराचा शोध. देवपुरात स्लॅबच्या दोन खोल्या मिळाल्या, पण त्यातलं बिऱ्हाड गणपती उठल्यावर हलणार होतं. म्हणजे गणपती उठेपर्यंत तो सरा टिकायला हवा होता. बाकी मला काही नको होतं. मी झोळी सोडून घेतली, दोर तेवढा लोंबत राहिला, सऱ्यावरची गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटेना. मुलीला स्वयंपाकघरात पत्र्याखाली जमिनीवर गोधडी टाकून झोपवायला लागले. पत्रा अंगावर पडला तर टेंगूळ येईल, माणूस मरत नाही. लोखंडी खाट होती, पण तिच्यावर ट्रंका आणि गाद्या रचलेल्या, आणि पोरगी आता गडगडायला शिकली होती.

अक्कांना ते पटेना. "लेकरूले भुईवर झोपाडू नको," त्या रोज येऊन सांगायच्या. "इच्चू शेतस." त्यांचंही खोटं नव्हतं. वर सरा, खाली विंचू, आणि मधे टांगायला जागा एकच, तीही त्याच सऱ्याला. मी गोधडीभोवती रोज झाडायची, झटकायची, दर थोड्या वेळाने चुलीपुढून उठून बघायची.

गणपती बसले. एका रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता. धुळ्यात नळ कधी येईल ते देवालाही ठाऊक नसायचं, आणि त्या दिवशी तो नेमका भर पावसात आला. घरात सगळीकडून पाणी गळत होतं आणि मी पाणी भरायला गल्लीच्या नळावर रांगेत उभी. मुलगी स्वयंपाकघरात झोपलेली. खोलीत ह्यांच्या हातात मुसळ, वर नाना. नळापर्यंत मला ते दणके ऐकू येत होते. रांगेतली एक बाई म्हणाली, "तुमनं घर आज जोरमा चालू शे." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी नसताना काय झालं ते नंतर कळलं. अक्का मुलीला बघायला आल्या, तर गोधडीच्या कडेला विंचू. त्यांनी तो चपलेने ठेचला आणि पोरीला उचलून, त्यांना जे शहाणपणाचं वाटलं ते केलं. लोंबत्या दोराला लुगडं बांधलं, पोरीला आत घातलं, एक झोका दिला आणि दूध गरम करायला आपल्या चुलीकडे गेल्या. ह्यांचं लक्ष छताकडे. वर बघणाऱ्या माणसाला मागे काय बांधलं जातंय ते दिसत नाही, आणि आमच्या ह्यांना तसंही काही मागे वळून बघायची सवय नाही.

मी भरलेला हंडा कमरेवर घेऊन मागच्या दाराने आले, आणि खोलीच्या मधोमध झोळी झुलताना दिसली. तिचा तळ फरशीवर घासत होता. तिच्यावर वरून चाळणीतून पीठ गळावं तशी कोरडी माती गळत होती. मी हंडा सोडून दिला. तो कुठे पडला ते माहीत नाही. लुगड्याच्या दोन्ही कडा फाकून पोरीला बाहेर ओढलं आणि ओरडले, "नाना, उतरा खाली. जिथे आहात तिथून उतरा."

वरून आवाज आला, "आठे का?" आणि नानांनी पाय आपटला.

सरा मोडल्याचा आवाज मोठा झाला नाही. ऊस मोडताना होतो तेवढाच झाला. एका काखेत पोर आणि दुसऱ्या हाताने ह्यांचं बनियन धरून मी मागच्या अंगणात ओढलं. बनियन फाटलं, पण हे आले, मुसळासकट. मागे खोलीत एक घुसमटलेला धप्प आवाज झाला आणि दारातून पांढरी धूळ आमच्या अंगावर आली. माझ्या तोंडात, नाकात, डोळ्यांत माती. ह्यांना खोकल्याची उबळ लागली. मी ओरडायला बघत होते आणि घशातून आवाज निघत नव्हता.

धूळ जरा बसली तेव्हा दारातून आतलं दिसलं. छताच्या जागी आभाळ होतं आणि खोलीत पाऊस पडत होता, उघड्यावर पडतो तसा. मधे मातीचा ढीग, आणि ढिगावर नाना बसलेले. डोक्यावर पोत्याची खोळ तशीच. मातीबरोबर खाली आल्यामुळे त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, फक्त एक पाय ढोपरापर्यंत गाडला गेला होता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सवयीने विचारलं, "थांबनं का?"

मला हसू येणार होतं. खरंच येणार होतं. पण तेवढ्यात पुढच्या दारातून अक्का आल्या. हातात दुधाची वाटी. आम्ही पलीकडे अंगणात होतो, मधे ढीग आणि धूळ, त्यामुळे आम्ही त्यांना दिसलो नाही. त्यांना दिसला तो सुती दोर. मोडक्या सऱ्याच्या टोकापासून निघून तो सरळ खाली मातीत गेला होता, नाना बसले होते त्याच्या अगदी बाजूने.

अक्कांनी वाटी टाकली नाही, शांतपणे कोनाड्यात ठेवली. मग त्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि नुसत्या हातांनी माती उकरायला लागल्या.

"काय करी राह्यनी?" नाना म्हणाले. "मन्हा पाय काढ पहिले."

"सरक तठून," अक्का म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी नवऱ्याला असं कधी म्हटलं नसणार. "पोर शे खाले."

नानांनी दोराकडे पाहिलं. वजन तर त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. त्या ढिगात किती माती आहे आणि ती एका झोळीवर पडली तर काय होतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पाय कसा ओढून काढला देव जाणे, आणि तेही उकरायला लागले. दोन्ही हातांनी माती ओढायची आणि मागे दारातून बाहेर फेकायची. आज्याची, बापाची, त्यांची स्वतःची, कुठली कुठली ते न बघता दारातून बाहेर, गटारीत, पावसात. त्यांच्या घशातून एक बारीक आवाज येत होता, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी दारात आले. मला वाटतं मी फक्त मान हलवत होते. आवाज अजून फुटत नव्हता. शेवटी माझ्या काखेतली पोरगीच शिंकली.

अक्कांनी वर पाहिलं आणि त्या तिथेच मातीत बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकले, नखांतून रक्त येत होतं. नाना मात्र अजून उकरतच होते. त्यांना शिंक ऐकू आली नव्हती. अक्कांनी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं तेव्हा कुठे त्यांनी डोकं वर केलं.

त्या दिवसासाठी मी महिनाभर वाक्यं तयार करून ठेवली होती. सरा सागाचा होता ना? घरमालकाने वर पाहायचं होतं ना? भांडी घासताना मी ती एकेक घासून धारदार केली होती. त्यातलं एक तोंडात आलंही होतं. पण समोर नाना दोन्ही हात पुढे करून उभे होते, मातीने भरलेले, आणि विचारत होते, "दे ना. एक डाव दे."

मी पोरीला त्यांच्या हातांवर ठेवलं. त्यांनी ती धरली, पण वर-खाली करून पाहिली नाही. वजन सांगितलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला तो माणूस पाहून पोरगी अशी काही घाबरली की तिने भोकाड पसरलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. आमचे हे मागून म्हणाले, "अगं घे तिला, घाबरलीय ती."

मी लगेच घेतलं नाही. म्हटलं, रडू दे थोडं. नानांनाही जरा ऐकू दे.